येतानाची चाल

गुरुवारी दुपारी गुडघ्यांचा शेक घेऊन घरी आले, तर दाराशेजारच्या पट्टीवर हिरवी अक्षरं होती. ‘सदाशिव आले, ११.४२. घरात आहेत.’

सदाशिव म्हणजे आमचे हे. त्यांना जाऊन सव्वादोन वर्षं झाली होती.

मी घाबरले नाही, हे आधीच सांगून टाकते. घाबरायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे मी तीन मजले चढून आले होते. मनात एवढंच आलं, की यंत्रालाही आता माझ्यासारखे भास व्हायला लागले. मग खालची ओळ वाचली. ‘पाहुणे बाहेर गेले, १२.०४.’

आत सगळं जागच्या जागी होतं. टीव्ही होता, कपाट बंद होतं, देवघरातलं चांदीचं निरांजन तसंच होतं. स्वयंपाकघरात मात्र तांदळाच्या डब्याचं झाकण ओट्यावर पडलं होतं आणि मूठभर तांदूळ सांडले होते. मी कोपरापर्यंत हात डब्यात घातला. माझ्या आईनं लग्नात घातलेल्या चार पाटल्या मी तिथं जुन्या रुमालात बांधून ठेवत असे. रुमाल हाताला लागला. चांगली चौकोनी घडी घालून तो परत तांदळात ठेवलेला होता.

मी तिथंच खाली बसले आणि रडले. पाटल्यांसाठीच रडले, उगीच मोठेपणा कशाला सांगू?

आमच्या सांगलीतल्या या सोसायटीत ‘पायरव’ बसवलं त्याला चार वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षात इथं सहा घरफोड्या झाल्या होत्या. कुलपांचे दिवस संपलेच होते. चोर बोटांचे ठसे पाण्याच्या ग्लासावरून उचलायचे, चेहरा फोटोवरून तयार करायचे, आवाज तर कुणीही कुणाचा काढत होतं. तेव्हा कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की माणसाची एक गोष्ट चोरता येत नाही. त्याचं चालणं.

दाराबाहेरच्या नऊ फरशांखाली आणि घरभर सगळीकडे नखाएवढे कंपमापक बसवलेले असतात. पाऊल पडलं की फरशी थरथरते. आपल्याला ते जाणवत नाही, त्यांना जाणवतं. टाच किती जोरात टेकली, भार टाचेवरून चवड्यावर जायला किती वेळ लागला, डाव्या-उजव्या पावलांत अंतर किती, अशी साठ-पासष्ट मापं घेतली जातात, आणि दोन माणसांची सगळी मापं कधी जुळत नाहीत. नऊ पावलांत ओळख पटली की दार आपणहून उघडतं, आणि भिंतीतून आवाज येतो, ‘इंदुमती आल्या.’ नक्कल करणारा चौथ्या-पाचव्या पावलालाच सापडतो. गुडघे धरले, वजन वाढलं, तर यंत्र हळूहळू ती बदललेली चालही शिकून घेतं. घरचं माणूस आत असेल, तर पाहुण्याला आडकाठी नसते.

ह्यांचं बाजारपेठेत कुलपं दुरुस्त करायचं दुकान होतं. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे उजवा पाय बारीक राहिला होता, दर पावलाला उजवीकडे झुकायचे. यंत्र बसवलं त्या दिवशी नऊ फरशा तोलत तोलत चालले, दार उघडलं, आणि मला म्हणाले, “बघ इंदे, पंचेचाळीस वर्षं किल्ल्या घासल्या आणि शेवटी माझा लंगडा पायच किल्ली झाला.”

ते गेल्यावर रेशनकार्डावरून, गॅसवरून, बँकेतून, सगळीकडून नाव कमी केलं. इथून केलं नाही. महिन्याभरात नाव काढायचं, असा नियम होता. दर तीन महिन्यांनी पट्टीवर प्रश्न यायचा, ‘सदाशिव यांची चाल आढळली नाही. नोंद काढायची का?’ मी ‘नको’ वर बोट ठेवायची. त्याचं कारण सांगते. रोज संध्याकाळी दिवा लावताना भिंत हजेरी सांगायची. ‘घरात, इंदुमती. बाहेर, सदाशिव.’ बाहेर म्हणजे कुठंतरी गेलेत, येतील. मला तेवढं ऐकायला बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार खोत पंचनाम्याला आले. बरोबर ‘पायरव’चे पाटोळे होते, पन्नाशीचे, खांद्यावर पिशवी आणि चेहऱ्यावर रोज लोकांच्या शिव्या खाल्ल्याचा थकवा. शेजारचे चौगुले सोसायटीचे सेक्रेटरी, म्हणून तेही येऊन बसले. समोरच्या घरातली रिहाना मुल्ला चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. ती शाळेत विज्ञान शिकवते, पण मुलीला ताप होता म्हणून दोन दिवस घरीच होती.

“मेलेल्या माणसाची नोंद ठेवली होती वहिनी तुम्ही?” चौगुले सुरुवातीलाच म्हणाले. “सगळ्या बिल्डिंगची भरपाईची हमी एकत्र आहे, माहीत आहे ना? एका घरानं नियम मोडला की सगळे उघड्यावर.”

“चुकलं,” मी म्हणाले. वाद घालायची ताकद नव्हती, आणि चुकलंच होतं.

पाटोळ्यांनी मांडीवर संगणकाचा पडदा उघडला. घराचा नकाशा, आणि त्यावर पावलांचे ठिपके.

“नऊ फरशांवर चाल शंभरातून सत्त्याण्णव जुळली,” ते म्हणाले. “नक्कल असती तर मी शपथेवर सांगतो, दार उघडलं नसतं. नक्कल करणारा माणूस झोक जरा जास्तच देतो. हा तसा नाही. हा असाच चालतो.”

“म्हंजे भूत आलं म्हनायचं काय?” खोत म्हणाले.

“पुढं बघा. दारातून आत आला आणि दीड मिनिट उभा. इथं भार एका पायावर, मग दुसऱ्यावर. चपला काढल्या.”

खोत हसले. “चोर चपला काढून घरात शिरतोय व्हय? संस्कारी हाय गडी.”

मी हसले नाही.

“मग स्वयंपाकघर. माठापाशी थांबला, पाणी प्यायला असेल. तिथून इकडं, या भिंतीपाशी. सहा मिनिटं. हललाच नाही.”

त्या भिंतीवर ह्यांचा हार घातलेला फोटो आहे. सगळे तिकडं बघायला लागले, म्हणून मी खाली बघितलं.

“मग थेट तांदळाच्या डब्यापाशी. शोधाशोध काहीच नाही. आणि शेवटी हे विचित्र आहे. बाहेर जाताना चालच वेगळी. सरळ, भरभर, कुठं झोक नाही. म्हणून यंत्रानं पाहुणा समजून सोडलं. यंत्राच्या हिशेबानं काका अजून घरातच आहेत.”

खोतांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. “काकू, डबा ठाऊक असनारा मानूस घरचाच असतोय. कुनावर संशय हाय काय? नाव सांगा, बाकीचं आमी बघतो.”

“विचार करून सांगते,” मी म्हणाले.

विचार करण्यासारखं काही नव्हतं. माझा मुलगा निवास. वर्षभराचा असताना तो बापाचं बोट धरून चालायला शिकला, आणि बाप जसा झुकायचा तसाच झुकत चालायचा. मी बालवाडीत अठ्ठावीस वर्षं काढली, मुलांची चाल मला दुरून कळते. दोन्ही पाय ठणठणीत असून पोर लंगडतं म्हणून डॉक्टरांकडे नेलं, तर ते म्हणाले, पायात काही नाही बाई, याला वाटतं चालणं म्हणजे असंच असतं. सहा वर्षांचा होईपर्यंत तसा चालला. ह्यांना ते सहन व्हायचं नाही. “नीट चाल!” म्हणून मारायचेसुद्धा. मग सुधारला. पण तापात, किंवा जत्रेतून दमून येताना, पुन्हा झुकायला लागायचा.

हात मात्र बापाचेच होते. सोळाव्या वर्षी कुठलंही कुलूप उघडायचा. ह्यांचा धंद्यातला एक नियम होता. किल्ली हरवली म्हणून कुणीही बोलवायला येवो, दोन शेजारी येऊन ‘हा याच घरचा’ असं म्हणेपर्यंत हे कुलपाला हात लावायचे नाहीत. निवासनं एकोणिसाव्या वर्षी दोस्तांच्या सांगण्यावरून एक दार उघडून दिलं. साक्षीला कुणी नव्हतं. घर दुसऱ्याचंच होतं, आणि दोस्तांनी ते धुऊन नेलं. हे स्वतः मुलाला हाताला धरून चौकीत घेऊन गेले.

आठ महिन्यांनी तो सुटला आणि घरी आला. बेल तीनदा वाजली. हे खुर्चीत बसले होते, मला नुसता हात दाखवला, आणि मी उठले नाही. अकरा वर्षं झाली त्याला. पुढं तो हुबळीकडे कुठंतरी असतो एवढंच कळलं. बाप गेल्याचा निरोप धाडला होता, त्यालाही आला नाही. तेव्हापासून रोज मी ती बेल ऐकते आणि रोज उठत नाही. या गोष्टीनं माणूस जितका थकतो, तितका जिन्यांनी थकत नाही.

संध्याकाळी रिहाना आली.

“काकू, मी सकाळी पोलिसांना एक सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मी त्याला बघितलंय.”

“कुणाला?”

“जिन्यात. पाठमोरा. मला वाटलं काकाच चाललेत. मग आठवलं, काका तर... दारासमोर आला, बेलकडे हात नेला आणि मागं घेतला. तीनदा. परत जायला वळला काकू, पुन्हा फिरला, पुन्हा दारापर्यंत आला, तेवढ्यात दारच उघडलं. आतून आवाज आला, ‘सदाशिव आले.’ तो भिंतीला धरून उभा राहिला. रडत होता बहुतेक. मला वाटलं कुणी जवळचं असेल, म्हणून मी दार लावून घेतलं. माझ्यामुळे तुमच्या पाटल्या गेल्या.”

“तुझ्यामुळे कशाला?” मी म्हणाले. “माझा मुलगा होता तो.”

बोलून गेल्यावर हलकं वगैरे काही वाटलं नाही. पण आता चित्र डोळ्यांपुढं आलं. तो चोरी करायला आला नव्हता, किंवा आला असेलही, मला ठाऊक नाही. मला एवढंच दिसत होतं, की बेल वाजवायची हिंमत होत नसलेल्या पोराला रिकाम्या घरानं बापाच्या नावानं हाक मारली. चपला काढून तो आत आला, बापाच्या फोटोपुढं सहा मिनिटं उभा राहिला, आणि मग माझ्या आईच्या पाटल्या घेऊन गेला. यातलं काहीच वजा करता येत नाही. मला त्याचा रागही आला होता आणि त्याला पाणी प्यायला मिळालं याचं बरंही वाटत होतं.

सोमवारी पाटोळे नोंद काढायला आले. खोत जबाबाचा कागद घेऊन आले आणि चौगुले त्या दोघांवर लक्ष ठेवायला आले.

“सदाशिव यांची नोंद काढतो,” पाटोळे म्हणाले. “इथं बोट ठेवा.”

मी बोट ठेवलं. अक्षरं गेली. सव्वादोन वर्षं जपलेली गोष्ट एका सेकंदात गेली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दुखलं.

“आता एक नवीन नोंद करायची आहे,” मी म्हणाले. “गुरुवारी जो आला होता त्याची. तुमच्याकडे त्याची चाल आहे ना?”



“चोराची नोंद?” चौगुल्यांचा आवाज चढला.

“माझ्या मुलाची. निवास सदाशिव लोहार. या घरचा आहे तो.”

खोतांनी पेनाचं टोपण लावलं. “काकू, नीट समजून घ्या. घरचा मानूस म्हनून नोंद झाली, तर ही घरफोडी ऱ्हात न्हाई. तक्रार निकालात. पाटल्या मिळायच्या न्हाईत, भरपाई न्हाई.”

“कळतंय मला.”

“आन् परत आला, आनी काय नेलं, तर?”

“तर स्वतःच्या नावानं नेईल,” मी म्हणाले. “बापाच्या नावानं नको. त्या माणसानं जन्मभर कुणाचं दार साक्षीशिवाय उघडलं नाही.”

पाटोळ्यांनी घसा साफ केला. नियम असा होता, की नोंद झालेल्या माणसाला सगळ्या बिल्डिंगमध्ये मोकळेपणी वावरता येत असल्यामुळे नव्या नोंदीला दोन शेजाऱ्यांची संमती लागते. हा माणूस याच घरचा आहे, असं दोघांनी सही करून सांगायचं. ते ऐकून मला हसूच आलं. यंत्रवाल्यांना अखेर ह्यांचाच नियम सापडला होता.

आवाज ऐकून समोरून आलेल्या रिहानानं ताबडतोब सही केली. म्हणाली, “मी बघितलंय. काकांचाच मुलगा आहे तो.”

चौगुले मात्र उठून खिडकीपाशी गेले. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. त्यांच्या घरात नातवंडं, सुनेचे दागिने. त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मीही त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं.

“माझी किल्ली हरवली होती एकदा,” ते खिडकीकडे तोंड करूनच म्हणाले. “मे महिना. सदाशिवराव आले, आणि म्हणाले, दोन साक्षीदार आणा. अहो, मी म्हटलं, दारावर माझ्या नावाची पाटी आहे! तर म्हणाले, पाटी कुणीही लावतं. दोन तास उकाड्यात उभा केला मला त्या माणसानं. माझ्याच दारात.”

“आठवतंय मला,” मी म्हणाले. “रागावून आठवडाभर बोलला नव्हतात तुम्ही.”

“आणि याच्यासाठी मी सही करायची.”

“करू नका भाऊजी, तुमचं मन घेत नसेल तर. पण तो याच घरचा आहे की नाही, एवढंच सांगायचंय. चांगला आहे असं सांगायचं नाहीये.”

चौगुले खिडकीपासून परत आले. मग चष्मा लावला, सही केली, आणि कुणाकडेही न बघता घरी गेले.

“एक राहिलं काकू,” पाटोळे म्हणाले. “आपल्याकडे त्याच्या दोन चाली आहेत. येतानाची आणि जातानाची. दोन्ही इतक्या वेगळ्या आहेत की यंत्र त्यांना एक माणूस मानणार नाही. कुठली नोंदवू? बाहेर वावरताना तो बहुतेक जातानाच्या चालीनंच चालत असणार. सरळ, भरभर. ती घेतली तर दार सहज उघडेल.”

“आणि येतानाची?”

“ती मुद्दाम आणता येत नाही, मी सांगितलं ना. पायांनी पहिल्यांदा जे शिकलेलं असतं ते खाली दबून राहतं, आणि माणूस अगदी थकला, सावधपणा सुटला, की वर येतं. त्या दिवशी तो फार थकलेला असणार. ही चाल घेतली, तर तसा आला तरच दार उघडेल.”

मी ह्यांच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाले, “येतानाचीच घ्या.”

त्या दिवसापासून संध्याकाळची हजेरी बदलली. ‘घरात, इंदुमती. बाहेर, निवास.’ ऐकायला पहिल्यांदा जड गेलं, नंतर सवय झाली. चौगुल्यांनी दाराला आतून जुनी कडी लावून घेतली आणि मला तसं सांगितलंही. मी म्हटलं, बरं केलंत. दिवाळी गेली, थंडी गेली. गुरुवारचा शेक मी बंद केला. गुडघे दुखू देत, पण दुपारी घरी माणूस असावं असं वाटायला लागलं.

मार्चमधल्या एका मंगळवारी, साडेअकराच्या सुमाराला, मी ओट्याशी खाली बसून तांदूळ निवडत होते. दाराची खिट्टी सरकल्याचा आवाज झाला, आणि भिंत म्हणाली, ‘निवास आले.’

पुढं काहीच नाही. पाऊल आत पडलं नाही, जिन्याकडेही वळलं नाही. स्वतःचं नाव ऐकून तो उंबऱ्यापाशी थबकला होता. मला कळलंय हे त्याला कळलं होतं, आणि आता निघून जायचं की आत यायचं, हे तो ठरवत होता. मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

मी ओट्याला धरून उठले. अकरा वर्षांपूर्वी उठायला हवं होतं, तेव्हा गुडघे चांगले होते. आता दोन-तीन पावलांतच कळ निघाली, तरी चालत राहिले, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. दारात एक दाढी वाढलेला, अकाली पांढरा झालेला माणूस उजवीकडे झुकून उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. पाटल्या नव्हत्या. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यानंही बघितलं.

“आई,” तो म्हणाला.

“पाय धुऊन ये,” मी म्हणाले. “भात टाकते. डब्यात आता नुसते तांदूळच आहेत.”